भिवातात्याची पेशी

आंबेवस्तीत कुणालाही विचारा, भिवातात्या मुऱ्ह्यांचं शेड कुठं, तर माणूस हात करून दाखवील आणि वर म्हणेल, "जावा, पण आत घ्यायचं न्हाईत." गणपतीच्या आधी दोन महिने त्या शेडला ताडपत्री लागते, ती बाप्पा बसायच्या दिवशीच निघते. मध्ये कुणी डोकावलं तर तात्या हातात पाना घेऊन बाहेर येतात. पाना मारायला नसतो, पण ते समोरच्याला ठाऊक नसतं. तात्यांचं कुटुंब, गिरजाबाई, चहासुद्धा ताडपत्रीखालून आत सरकवते. "लग्नात मधी अंतरपाट धरला व्हता," ती म्हणते, "त्यो ह्या माणसानं अजून खाली घेतला न्हाई."

तात्यांचं आयुष्य तसं चारचौघांसारखंच. बापाची शेती, शेतीतून निघून चिंचवडच्या कंपनीत फिटर, तिन्ही शिफ्टा करून केस पांढरे, मग रिटायर. वस्तीच्या आजूबाजूची रानं एकेक करून गोदामांखाली गेली. चाकण रस्त्याला आता जिथं कंटेनरची रांग लागते, तिथं तात्यांनी लहानपणी हुरडा खाल्लेला. त्याचं त्यांनी कधी रडगाणं लावलं नाही. "पीक बदललं," एवढंच म्हणतात.

पण मंडळाचा हलता देखावा मात्र कंपनीत लागल्यापासून त्यांच्याच हातचा. कुदळवाडीच्या भंगारात जायचं, मोडीत निघालेल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटारी निवडून आणायच्या, सायकलीच्या चेन आणि रिमा जमवायच्या, कागदाच्या लगद्याची माणसं करायची. काचेवरचं पाणी पुसायला जन्माला आलेली मोटार तात्यांच्या हाती पडली की कुणाचं तरी मुंडकं हलवायला लागायची. एका साली त्यांनी धार काढणारी बाई केली होती. गाईनं लाथ मारायची आणि बाईनं मागं सरायचं, असा बेत. पण वायरी उलट्या जोडल्या गेल्या आणि पहिल्या दिवशी बाईनंच गाईला लाथ घातली. दुरुस्त करायला गेले तर लोकांनी करू दिलं नाही. मोशीपासून माणसं आली ती लाथ बघायला.

आता घरातली दुसरी गोष्ट. तात्यांचा आणि त्यांच्या थोरल्या चुलतभावाचा, सोपानरावांचा, बांधावरून दावा चालू आहे. बांध म्हणाल तर हातभर रुंद. त्याच्या एका अंगाला गोदाम, दुसऱ्या अंगाला पार्किंग, मध्ये एक जांभूळ उभं. बांध कुणी किती कोरला, हे ठरवायला दोघं खेडच्या कोर्टात जातात. जातात तेही सोपानरावांच्या एकाच स्कूटरवर, कारण तात्यांना गाडी येत नाही आणि सोपानरावांना मागं कुणीतरी बोलायला लागतं. कोर्टात दोघं दोन बाजूंना उभे राहतात, पुढची तारीख घेतात आणि येताना भेळ खातात. वकिलांना हे अजून पचलेलं नाही.

मंडळाचा अध्यक्ष यंदा सोपानरावांचा पोरगा, रणजीत. चाकणला कंपनीत सुपरवायझर, बोलण्यात निम्मं इंग्रजी. त्याचं म्हणणं, आता वायपरच्या मोटारीनं मुंडकी हलवायचे दिवस गेले, एलईडीची भिंत लावावी, बटण दाबलं की झालं. बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: यंदा तात्यांचाच देखावा. पण लोकांनी पाठ फिरवली, तर पुढच्या सालापासून एलईडी, आणि शेडची जागा मंडळाची, तिथं मंडळाचं कार्यालय. तात्या उठले. घरी येऊन त्यांनी सगळ्या मोटारी ओळीनं मांडल्या आणि एकेकीत तेल घातलं.

विषय काय, ते रणजीतनं फोनवर कळवलं. तो होता कंपनीत, मागं प्रेस मशीनची धाडधाड.

"तात्या, ठरलं! यंदा पेशी करायची!"

"काय?"

"पेशी, पेशी! शाळेच्या अंजलीबाईंनी सुचवलंय. आतलं समदं दिसलं पायजे. कोण कुठं बसतंय, काय काम करतंय, ते हलतं."

"आतलं व्हय? दावतो की."

"मधी त्यो मोठा. कारभार समदा त्याच्याकडनं."

"ठावं हाय."

"आन् दारात राखण. कुणाला आत सोडायचं, कुणाला न्हाई, ते नीट आलं पायजे."

"आरं, त्या दारात उभं ऱ्हाऊन माझ्या पोटऱ्या भरून आल्यात."

"तुमाला म्हाईत हाय व्हय समदं?" रणजीत चाट पडला.

"पोरा, माझी निम्मी हयात पेशीत गेली."

"बाई पण तेच म्हणत व्हत्या. आपण समदी पेशींचीच बनल्यालो हाय."

"बाई शाणी हाय," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

आता ह्यात चूक कुणाची काढणार? आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टातली पेशी. साहेबापुढं उभं राहायचं, पुकारा ऐकायचा, तारीख घ्यायची. शाळेच्या पुस्तकात एक दुसरीच पेशी असते आणि ती अंगात असते, हे तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शाळा सोडली ती बैल पळाला म्हणून. बैल सापडला, शाळा राहिली.

पुढच्या तारखेला तात्या खेडला गेले ते वेगळ्याच डोळ्यांनी. साहेब मान कशी डोलावतात, नक्कल काढणारा कारकून जीभ कशी बाहेर काढतो, पट्टेवाला पुकारा करताना टाचा कशा उचलतो, सगळं टिपून घेत होते. वकील चिडले, "मुऱ्हे, लक्ष कुठाय तुमचं?"

"साहेबांच्या मानंकडं," तात्या म्हणाले. "दोन मोटारी लागत्याल."

गणपती चार दिवसांवर आले तेव्हा शाळेच्या अंजली गायकवाड पाट्या घेऊन आल्या. कासारवाडीच्या, वडील पिंपरीच्या कंपनीतून रिटायर झालेले. बोलायला मोकळ्या आणि आठवीच्या वर्गाला शास्त्र शिकवण्यात पटाईत. बरोबर रणजीत होता, आणि त्याच्या मागं सोपानराव, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. पाट्या चिकटवायच्या तर ताडपत्री वर घ्यावीच लागणार. तात्यांनी कुरकुरत दोरी सोडली आणि बटण दाबलं.

आत कोर्ट चालू झालं.

काय कोर्ट होतं म्हणता! उंच जागी साहेब बसलेले, दोन मोटारींवर मान डोलावतायत. खाली कारकून नकला काढतोय आणि जीभ आत-बाहेर करतोय. लांब व्हरांडा काढलेला, त्याच्या कडेनं टायपिंगवाले ओळीनं बसून टकटक बडवतायत. टोकाला जावक खिडकी, तिथला बाबू लखोट्यावर शिक्का हाणतोय. कोपऱ्यात लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांची खोली, आणि खराटा मारणारी बाई. दारात पट्टेवाला टाचा उचलतोय. दोन काळे डगलेवाले वकील एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, आणि पिंजऱ्यात एक साक्षीदार उभा, झुपकेदार मिश्यांचा.

 मग अंजलीबाईंनी हातातली पहिली पाटी उलटसुलट करून बघितली.

"काका, केंद्रक कुठाय?"

"केंद्रे व्हय? केंद्रे वकील लातूरकडचं. ते आपल्या दाव्यात न्हाईत."

"तात्या," रणजीत पुढं झाला, "हे काय केलं?"

"पेशी केली."

"आवं, अंगातली पेशी! शरीराची! शास्त्रातली!"

तात्यांनी मागोमाग आत आलेल्या गिरजाबाईकडं बघितलं. तिला तरी काय ठाऊक. सोपानराव मात्र पिंजऱ्यापाशी जाऊन उभे राहिलेले.

"भिवा, ह्यो मी हाय व्हय रे?"

"तुमी कशाला? साक्षीदार हाय त्यो."

"मग मिशी माझी कशी?"

"दादा, आपला आजा एक. मिशी समाईकातली हाय."

सोपानराव असे हसले की त्यांना पिंजऱ्याला धरावं लागलं. पण रणजीतला हसू येईना. त्यानं खिशातून फोन काढला. "मी एलईडीवाल्याला लावतो. आता दुसरं काय हातात न्हाई."

तात्या रिकाम्या क्रेटवर बसले.  वायरी उलट्या जोडल्या असत्या तर सुलट्या केल्या असत्या, इथं सगळं कोर्टच उलटं निघालेलं. गिरजाबाई एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ताडपत्रीच्या आत आली होती, ती कमरेवर हात ठेवून सगळं निरखत होती. "चांगलं केलंय की," ती म्हणाली. "साहेबाची मान तर लई झ्याक."

"थांबा जरा, रणजीतदादा," अंजलीबाई म्हणाल्या. "काका, हे परत चालू करा. हा जीभ काढतोय तो काय करतोय?"

"नक्कल काढतोय. साहेबाम्होरचं मूळ पुस्तक भायर न्हेता येत न्हाई. पायजे तेवढ्या भागाची नक्कल मिळती."

"आणि ती नक्कल कुठं जाते?"

"व्हरांड्यात, टायपिंगवाल्यांकडं."

अंजलीबाईंनी पाट्यांचा गठ्ठा खाली ठेवला आणि पदर खोचला. "अहो, केंद्रकात हेच चालतं. मूळ पुस्तक आत राहतं, त्याला डीएनए म्हणायचं. नक्कल बाहेर पडते. ती वाचून रायबोझोम प्रथिनं बांधतात, म्हणजे हे तुमचे टायपिंगवाले. आणि ते ज्याच्या कडेनं बसलेत तो व्हरांडा म्हणजे आंतर्द्रव्यजालिका!"

"काय जालिका?"

"आंतर्द्रव्य. सोडा, मी पाटी लावते."

"म्हंजी साहेबच त्यो केंद्रक?" तात्या क्रेटवरून उठले. "निकाल त्योच देतो?"

"नाही, तिथं गडबड आहे. केंद्रक निकाल देत नाही. कोण खरा, कोण खोटा, त्याला देणंघेणं नाही. त्याच्याकडं नुसत्या कृती लिहिलेल्या आहेत, कुठलं प्रथिन कसं बांधायचं त्याच्या."

"पुरणपोळीची कृती असती तशी?" गिरजाबाईनं विचारलं.

"अगदी तशी."

"मग साहेबाचा डगला काढा आन् पुस्तक मोठं करा. पुस्तकच दिसलं पायजे."

ते तात्यांना पटलं. पाना हातात आला होता. जावक खिडकीवरच्या बाबूला 'गॉल्गी संकुल' अशी पाटी मिळाली, कारण आलेला माल नीटनेटका करून, बांधून, पत्ता घालून ज्याचा त्याला धाडायचा, हेच त्याचं काम. गठ्ठ्यांच्या खोलीला 'रिक्तिका', साठवणीची जागा. पट्टेवाला दारात एकटा भागेना. "पेशीला एक दार नसतं काका, सगळीकडून पातळ पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणायचं. त्यात जागोजागी दारं आणि प्रत्येक दाराला राखण." तेव्हा रणजीतनं फोन खिशात घातला आणि कंपनीच्या भंगारातून पॅकिंगचा बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद आणतो म्हणाला. तोंड अजून वाकडंच होतं, पण कागद आणला तो भला मोठा.

सगळं जुळत आलं तेव्हा अंजलीबाईंच्या हातात एक पाटी उरली. तंतुकणिका.

"ही कुठं बसवायची? अन्नातून ऊर्जा काढून देणारी आहे ही. हिच्याशिवाय पेशी बंद."

तात्या कोर्टाकडं बघत राहिले. साहेब, कारकून, बाबू, पट्टेवाला. कुणाचंच हे काम नाही.

"आवं, चहावाला!" गिरजाबाई ओरडली. "तुमीच घरी यिऊन सांगताव न्हवं, चहा आल्याबिगर खेडला पान हालत न्हाई?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "एवढी वर्सं गेलो, समदी माणसं केली आन् चहावालाच इसरलो!"

"एक पुरणार नाही," अंजलीबाई म्हणाल्या. "पेशीत तंतुकणिका पुष्कळ असतात. जिथं राबणं जास्त तिथं त्या जास्त. आणि त्यांना प्राणवायू लागतो."

"स्टोव्हला पंप मारतो तसा?"

"चालेल. पण साखरेचे तुकडे बाहेर पेशीद्रव्यातच करायचे, अख्खी साखर चहावाल्याला द्यायची नाही. मुलं माझी चूक पकडतील."

"साखर फोडाय एक अडकित्ता लावतो," तात्या म्हणाले. "त्याला कायचीबी पाटी नको."

मग चहावाले झाले. स्टोव्हच्या जागी लाल बल्ब आणि त्यांच्याभोवती पंपाचे दांडे. खराटेवाल्या बाईवरून मात्र थोडं थांबावं लागलं. ती लयकारिका, म्हणजे मोडकं, जुनं, निकामी झालेलं सगळं फोडून टाकणारी, आणि त्यातलं जे कामाचं उरेल ते परत वापरायला देणारी.

"म्हंजी जुनी प्रकरणं तुंबत न्हाईत?" सोपानरावांनी विचारलं.

"तुंबली तर पेशी आजारी पडते."

"भिवा, ही बाई खेडला बदली करून घे रं. आपला दावा कवाच खराट्याखाली गेला आसता."

"आधी मला बांध दावा मग," तात्या म्हणाले.

"बांधावरनं आठवलं," अंजलीबाई पाट्या चिकटवता चिकटवता म्हणाल्या. "झाडाच्या पेशीला पटलाच्या बाहेर आणखी एक भक्कम भिंत असते, पेशीभित्तिका. आपली प्राण्याची पेशी आहे, तर भिंत नको हं."

"माणसाला भिंत नसती?" तात्यांनी विचारलं.

"नसते. नुसतं पटल."

दोघा चुलतभावांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. सोपानराव जांभळाच्या दिशेला बघायला लागले, तात्या स्क्रू शोधायला लागले. स्क्रू तोंडातच होता.

राहता राहिले वकील. अंजलीबाई म्हणाल्या, पेशीत वकील नसतात. ह्यावर सोपानरावांचा विश्वास बसेना, एवढा कारभार वकिलाबिगर चालतोच कसा? शेवटी बाईंनीच तोड काढली. बाहेरून येऊन दाराशी गोड बोलून आत शिरायचं आणि तिथल्या टायपिंगवाल्यांकडून आपलेच कागद छापून घ्यायचे, असा एक असतो. विषाणू. तात्यांनी दोन्ही वकिलांचे डगले उतरवले, बाटल्या धुवायचे ब्रश अंगभर टोचले आणि त्यांना पटलाबाहेर उभं केलं. पट्टेवाल्याच्या हातात काठी दिली. पिंजरा काढला, पण साक्षीदार कुणी हलवू देईना. त्याला साखर फोडायच्या अडकित्त्यावर बसवला, मिशीसकट.

बाप्पा बसले त्या दिवशी संध्याकाळी ताडपत्री निघाली. माणसं आली, पाट्या वाचायला लागली आणि पहिल्याच शब्दाला अडखळली. 'आंतर्द्रव्यजालिका' वाचता वाचता एका म्हातारीची कवळी सैल झाली. लोक बघतायत, मान हलवतायत आणि पुढं सरकतायत. रणजीत एका खांबाला टेकून उभा, हाताची घडी घालून. तात्या मागच्या बाजूला मोटारींपाशी बसलेले. त्यांना माणसं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. पाय थांबतायत का, एवढंच ते बघत होते. पाय थांबत नव्हते.

तेवढ्यात सोपानरावांनी रणजीतच्या हातातला माइक घेतला. सगळी हयात त्यांनी तो पुकारा ऐकलेला होता. छाती भरून घेतली आणि पट्टेवाल्यासारख्याच टाचा उचलल्या.

"ग्लुकोज साखरे, हाजिर होऽऽऽ!"

सगळी गर्दी वळली. तात्यांच्या हाताला काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी दाराची मोटार चालू केली. पट्टेवाला बाजूला झाला, कागदी साखर आत घरंगळली आणि मिशीवाल्यानं ती कटकन् फोडली.

"प्राणवायू वारे, हाजिर होऽऽऽ!"

पंप हलले, लाल बल्ब पेटले, चहावाले किटल्या उचलून फिरायला लागले आणि सगळी पेशी एकदम कामाला लागली. पोरं टाळ्या पिटायला लागली. मग ब्रशवाला विषाणू दाराशी आला. सोपानराव थांबले, गर्दीकडं बघितलं.

"विषाणू वकील! हाजिर हाय का?"

"गैरहाजिर!" पोरांनी एका सुरात कालवा केला आणि पट्टेवाल्यानं काठी घातली.

पाय थांबले. मागून आणखी पाय आले. अंजलीबाई पुढं होऊन एकेका पाटीचं काम सांगायला लागल्या आणि सोपानराव मध्ये मध्ये पुकारा करायला. गॉल्गी बाबूचा शिक्का तर इतका गाजला की पोरांनी त्याच्याच नावाच्या घोषणा दिल्या. आठवड्याभरात मोशी, चिखली, आळंदीहून शाळेच्या मुलांच्या रांगा लागल्या. मध्ये एकदा गठ्ठ्यांच्या खोलीची मोटार उलटी फिरली आणि साठवलेला माल भसाभस बाहेर पडायला लागला. अंजलीबाई म्हणाल्या, असू द्या, असंही होतं पेशीत. कुणीतरी आपलं खेडच्या कोर्टातलं प्रकरण त्यात सापडतंय का बघायलाही आलेलं. त्याला चहा पाजून परत लावून दिलं.

विसर्जनाच्या दिवशी ढोलताशाच्या गदारोळात रणजीत तात्यांच्या कानाशी आला. सकाळी त्यानं एलईडीवाल्याचा फोन कट केलेला गिरजाबाईनं बघितला होता. पण तसलं तोंडानं सांगणाऱ्यातला तो नव्हे.

"तात्या, शेडला पत्रं नवं टाकून घिऊ. आन् पुढच्या साली बाई म्हंत्यात, ऊती करायच्या!"

"काय?"

"ऊती, ऊती! पेशीच्या पुढचा धडा!"

ढोल वाजतच होता. तात्यांनी खुशीत मान डोलावली. दोन मोटारींसारखी.

दुसऱ्या दिवशी ते कुदळवाडीतून एक मोठं पातेलं घेऊन आले, शेडला लगेच ताडपत्री लावली आणि आत त्याच्याभोवती फिरून विचार करायला लागले. गिरजाबाई चहा घेऊन ताडपत्रीपाशी आली. ह्या वेळी तिनं कप खालून सरकवला नाही, सरळ आत गेली. तात्याही पाना घेऊन उठले नाहीत.

"हे कशाला आणि?"

"पुढच्या सालाला. उतू जायचं दावायचं हाय, हलतं. मोटार सोपी हाय, पण दुधाचा फेस कशाचा करावा?"

"आवं, आधी त्या बाईंना इचारा तरी नीट."

"त्यात इचारायचं काय?" तात्यांनी चहाचा घोट घेतला. "मला काय दूध ठावं न्हाई?"